बिस्किटं नंतर, आधी सांग ते बाळ दिवसभर कुणाच्या कडेवर असतं

पत्र: मावशी, नमस्कार. मी वाकडला राहते, आयटीत आहे, मुलगा चार वर्षांचा. आमच्या कंपाउंडला लागून दीड वर्षापासून दोन टॉवरचं काम चालू आहे, मागच्या बाजूला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, बाल्कनीतून सगळं दिसतं. बरीच लहान मुलं आहेत, दिवसभर वाळूत नाहीतर खडीच्या ढिगावर. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी कायम एक लाल झबल्यातलं बाळ कडेवर घेऊन फिरत असते. दिवाळीला आम्ही फराळ दिला, मग ग्रुपवर विषय निघाला आणि बघता बघता ४२ हजार जमले. आता भांडण. कुणी म्हणतं दर रविवारी जेवण वाटू, कुणी म्हणतं दूध पावडरचे डबे देऊ, कुणाला क्लबहाउसमध्ये रविवारची शाळा काढायचीय. सेक्रेटरी काका म्हणतात फुकटची सवय लागेल आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची. सासूबाई म्हणतात किती जणांना पुरणार आहेस तू. आणि पुढच्या महिन्यात माझ्या मुलाचा वाढदिवस आहे, तिथे जाऊन केक कापला तर वाईट दिसेल का? – बाल्कनीतली एक

अगं, पत्र दोनदा वाचलं. पैशाबद्दल आणि ग्रुपच्या भांडणाबद्दल तू भरभरून लिहिलंस आणि त्या कडेवरच्या बाळाबद्दल एकच ओळ, पण मला विचारशील तर तुझ्या अख्ख्या पत्रात कामाची ओळ तीच आहे, बाकी सगळं तिच्या मागून येतं.

मी २९ वर्षं अंगणवाड्यांची मुख्यसेविका (म्हणजे पर्यवेक्षिका) होते, त्यातली शेवटची बरीच वर्षं शहरातल्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या अंगणवाड्यांच्या भागात, म्हणजे असल्याच साइटा, वीटभट्ट्या, पुलाखालच्या वस्त्या. त्यामुळे तुझ्या बाल्कनीतून काय दिसतं ते मला न बघताच दिसतंय. सकाळी आठच्या आत आई-बाप दोघं कामावर. आई जाताना बाळाला पाजते, भाताचे दोन घास भरवते, जमलं तर दुपारच्या सुट्टीत येऊन जाते, नाही तर थेट सहाला. दोघं कमावतात, घरात तांदूळ आहे, डाळ आहे, बटाटे आहेत. मग बाळ का सुकतं? कारण दीड वर्षाच्या मुलाचं पोट केवढंसं असतं गं, त्याला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं लागतं, आणि ते भरवणारं माणूस नऊ वर्षांचं आहे. तिला स्टोव्हला हात लावायची बंदी (आणि ते बरोबरच आहे), मग ती काय देणार, पाच रुपयांचा बिस्किटपुडा नाहीतर कुरकुऱ्याचं पाकीट. बाळ ते चघळतं, भूक मरते, दुपारी आई आली तरी भाताला तोंड लावत नाही, आणि आई म्हणते ह्याला खायलाच नको असतं. हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याला हिशोब नाही.

म्हणजे त्या घरात पैशाची चणचण आहेच, पण त्याहून मोठी चणचण आहे दिवसातल्या नऊ-दहा तासांची, ज्या तासांत त्या मुलाला मोठं माणूस नाही. तुमच्या ४२ हजारांनी तांदूळ आणलात तर तो शिजवून भरवणार कोण? हे एवढं डोक्यात ठेव, मग ग्रुपवरच्या सगळ्या सूचना आपोआप चाळून निघतात.

आणि हे फक्त साइटवरच्या मुलांचं नाही. आपलं राज्य म्हणे पुढारलेलं, पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत ३५.२ टक्के खुरटलेली निघाली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाची, म्हणजे लुकडी, आणि हा दुसरा आकडा देशाच्या सरासरीपेक्षा, १९.३ पेक्षा, बराच वर आहे. खुरटलेलं मूल दिसायला 'छान बारीक' दिसतं, दोन वर्षांचं असून सव्वा वर्षाचं वाटतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही. तुझ्या लाल झबल्यातल्या बाळाचं वय किती ते विचार, मला तर शंका आहे तू समजतेस त्यापेक्षा ते मोठं निघेल.

आता आधी नाही म्हणायची ती गोष्ट म्हणजे दूध पावडर. नको, अजिबात नको. हे मी पुस्तकातनं नाही सांगत, माझ्या हातून झालेली चूक सांगते. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, एका वीटभट्टीवर मी स्वतः पुढाकार घेऊन दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या वाटल्या, कुणा देणगीदाराने दिलेल्या. फोटो काढले, मी पण खूश. पंधरा दिवसांनी गेले तर तीन बाळांना हगवण. पाणी टँकरचं, बाटली उकळायला सरपण कुणाकडे, डबा पुरावा म्हणून पावडर निम्मी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाटली मिळाली म्हणून एका आईने अंगावरचं पाजणं कमी केलेलं. कुणी दगावलं नाही, पण त्या दिवशी ट्रॅक्टरमधून एका बाळाला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं ना, तो रस्ता मला अजून पाठ आहे. नंतर कळलं की १९९२ पासून कायदाच आहे, बाळाच्या दुधाच्या पावडरी आणि बाटल्या अशा वाटायला बंदी आहे, अनाथालयांसारखा अपवाद सोडला तर. तर ग्रुपवर ज्यांनी सुचवलं त्यांना हे सांग, प्रेमाने सांग, मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

रविवारचं जेवण आणि रविवारची शाळा, दोन्हीवर माझं एकच म्हणणं, की रविवार हा त्यातल्या त्यात तो दिवस आहे जेव्हा आई घरी असण्याची शक्यता असते. सोमवार ते शनिवार मूल मोकाट आणि जो एक दिवस आई डोक्याला तेल लावून केस विंचरणार त्या दिवशी आपण त्याला क्लबहाउसमध्ये नेऊन बसवणार. तुम्हाला रविवारी सुट्टी असते म्हणून रविवार निघाला, त्यांच्यासाठी नाही. राग मानू नकोस.

मग सुरुवात कुठून? मोजण्यापासून. वही घे, एक मैत्रीण बरोबर घे, संध्याकाळी सहानंतर जा जेव्हा बायका पाण्याच्या टाकीवर असतात. मुकादमाला आधी सांग, न विचारता गेलीस तर त्याला वाटेल तपासणीला आलीस. सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल लिही, नाव, वय, आई कुठली, गरोदर बाया किती, सहा महिन्यांच्या आतली बाळं किती. वय आईला तारखेने सांगता येत नाही, 'होळीला झाला', 'त्या वर्षी धान कापत होतो' असं सांगते, तेच लिही. आणि शेजारच्या साइटवरचीही मोजा, का ते सांगते.

ही वही घेऊन तुमच्या जवळच्या अंगणवाडीत जायचं. आता तू म्हणशील वाकडला अंगणवाडी कुठे, मला तर कधी दिसली नाही. असते, गावठाणात असते, एखाद्या देवळामागे नाहीतर भाड्याच्या खोलीत, तुझ्या कामवाल्या ताईंना विचार, त्यांना नक्की माहीत असणार. तिथल्या सेविकेला सांगायचं की ही एवढी मुलं आहेत, यांची नोंद करायची आहे. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा सांगतो की सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून फुकट आहार हा त्याचा हक्क आहे. तीन वर्षांपर्यंतच्याला घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर (टेक होम रेशन), तीन ते सहाच्याला तिथेच नाश्ता आणि गरम जेवण, गरोदर आणि पाजणाऱ्या आईलाही आहार. मूल छत्तीसगडचं आहे, झारखंडचं आहे, नांदेडचं आहे, यानं काही फरक पडत नाही. गावाकडे नाव असेल तर पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपमध्ये, ते इकडे हलवता येतं. मुलाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते.

पण खरं सांगते, सेविका पहिल्या दिवशी तोंड वाकडं करेल. तिच्यावर चिडू नकोस. तिच्याकडे आधीच हजेरीपटाला पुरेल एवढी मुलं असतात, फोनवर ॲप भरायचं, वजनं घ्यायची, सर्व्हे करायचे, आणि साइटवरची मुलं म्हणजे आज आहेत उद्या नाहीत, म्हणजे तिच्या रेकॉर्डला खाडे. शिवाय आता टीएचआरला चेहरा ओळखायची भानगड आलीय, ओटीपी येतो, आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो तो फोन बाईच्या नवऱ्याच्या खिशात, नवरा अकराव्या मजल्यावर सेंट्रिंगला. इथे तुमची सोसायटी कामाला येते बघ. आयटीतली माणसं आहात ना, एका संध्याकाळी चार जणांनी लॅपटॉप-फोन घेऊन बसा, सगळ्यांचे नंबर आधारला जोडलेत का बघा, नसतील तर आधार केंद्रावर न्या, सेविकेला म्हणा ताई आम्ही एवढं करून देतो तुम्ही नोंद करा. ती सेविका तुमची होऊन जाईल. ह्याला फार पैसे लागत नाहीत आणि बारा महिने चालतं.

आणि जर अंगणवाडी लांब असेल, मधे हायवे असेल, तर ४० चा आकडा लक्षात ठेव. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला आदेश दिलाय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. म्हणून म्हटलं शेजारच्या साइटवरची पण मोजा. एका कॅम्पात २३ असतील, तीन कॅम्पांत ४० सहज होतात. अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावाने करायचा, तुमच्या भागाला नागरी प्रकल्पाचं ऑफिस असतं, सोबत ती यादी जोडायची, आयांच्या सह्या किंवा अंगठे, आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही, हे माझ्याच खात्याबद्दल सांगतेय.

सेविका आली की तिच्याकडे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला लावतात, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल, साडेबारापर्यंत पिवळं, पुढे हिरवं. तू स्वतः एकदा हातात घेऊन बघ ती पट्टी, साडेअकराचं वर्तुळ करून बघ. आपल्या देवघरातल्या निरांजनाच्या बुडाएवढं होतं ते, आणि तो एका चालत्याबोलत्या मुलाचा दंड असतो. लाल निघालं तर घरगुती उपाय, प्रोटीन पावडर, काही नाही, सेविका आणि दवाखाना, तिथून गरज लागली तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. फक्त एक कर, आईचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो म्हणून ती जात नाही, तो रोज तुमच्या ४२ हजारांतून द्या. बुडीत मजुरी म्हणून सरकारकडून काही मिळालंच तर ते धरून, उरलेला रोज तुमच्याकडून हवा.

आता मुख्य गोष्ट. अंगणवाडी चालते दिवसाचे चारेक तास. आईचा दिवस दहा तासांचा. उरलेल्या तासांचं काय? तिथे पाळणाघर लागतं, आणि जमलेल्या पैशाचा मोठा भाग मी तिथेच टाकीन.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, मग ह्यांनीच बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे, सरकारची योजना आली ती ३० वर्षांनी, १९७५ ला. आणि कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर त्यांना तुझ्या बाल्कनीतून दिसतं तेच दिसलं, की मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर भावंडं आहेत. म्हणून त्यांनी विकासवाडी काढली, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. धाकट्याला पाळण्यात ठेव, मधल्याला बालवाडीत सोड, तू वर्गात बस. किती साधं आहे बघ, आणि आपण अजून वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या जीआरमध्ये अडकलोय.

बांधकामाच्या साइटवर हेच १९६९ ला दिल्लीत झालं. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं, तिथे मातीत पडलेली तान्ही बाळं मीरा महादेवन यांनी बघितली आणि एका तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. मुंबई-पुण्यातही त्याच परंपरेतल्या संस्था साइटवर पाळणाघरं चालवतात, आणि पुण्यात साइटवरच्या मुलांच्या शिक्षणाचं काम डोअर स्टेप स्कूल कितीतरी वर्षं करतंय. त्यांना आधी फोन करा, तुमच्या भागात येऊ शकत असतील तर तुमचं निम्मं काम झालं, तुम्ही फक्त बिल्डरच्या मागे लागा. आणि तुझ्या साइटवरच्या बायका बिलासपूरकडच्या असतील तर त्यांना 'फुलवारी' म्हणून बघ, ओळखीचं हसतील कदाचित. तिकडे गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी गावातल्याच बायकांना घेऊन तीन वर्षांखालच्या मुलांची पाळणाघरं चालवलीत, सत्तू, तेल घातलेली खिचडी, दिवसभर सांभाळ, आई शेतावर निवांत.

बिल्डरकडे काय मागायचं? एक खोली. पत्र्याची चालेल पण वर हिरवी नेट किंवा गवताचं छप्पर हवं, एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली पापड भाजतील. खाली कोबा, खडीपासून आणि हौदापासून लांब, दाराला आडवी फळी म्हणजे रांगतं मूल बाहेर जाणार नाही, पिण्याचं पाणी, संडास. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच लिहिलं गेलं होतं की ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायची, आता नव्या कामगार संहिता आल्यात त्यातही पाळणाघराची तरतूद आहे. पण कायद्याचं बोट धरून पहिल्याच दिवशी जाऊ नकोस, कारण मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, बायकांची नावंच नसतात, नवरा-बायकोची जोडी एकाच नावावर चालते, तो म्हणेल माझ्याकडे बायका फक्त १२. गोड बोलून जा. उद्या त्या टॉवरमधले लोक तुमचे शेजारी होणार आहेत, बिल्डरला शेजारच्या सोसायटीशी पाण्यावरून, आवाजावरून, रस्त्यावरून संबंध ठेवायचेच असतात. सेक्रेटरी काकांना ह्याच कामाला लाव. ज्यांना जबाबदारीची एवढी काळजी असते ना ते लोक बिल्डरकडून लेखी घेण्यात पटाईत असतात, टोमणा नाही मारत, अनुभव सांगते. आणि त्यांचा प्रश्न खरा आहे, काही झालं तर कोण, म्हणून खोली बिल्डरच्या आवारात, लेखी परवानगी, सांभाळायला नेमलेली बाई, आणि दवाखान्याचा नंबर भिंतीवर. फुकटच्या सवयीचं म्हणशील तर त्यांच्या नातवाच्या डे-केअरला कुणी सवय म्हणत नाही, पण हे ग्रुपवर लिहू नकोस, समोर चहा पिताना म्हण.

सांभाळणारी बाई कॅम्पातलीच घ्या. एखादी तान्ही असलेली किंवा बाळंतपण जवळ आलेली असते जी नाहीतरी कामावर जाऊ शकत नाही, मुलांची भाषा तिला येते. साइटवर बिगारी बाईला जी हजेरी मिळते तेवढी तरी द्या, 'सेवा' म्हणून कमी देऊ नका, नाहीतर आठव्या दिवशी ती परत घमेलं उचलेल. तीन वर्षांखालच्या आठ-दहा मुलांना एक बाई, त्यापुढे गेलात की पाळणाघर न राहता कोंडवाडा होतो. म्हणजे तुम्हाला दोन बाया लागतील. तुमच्या सोसायटीतल्या ६० घरांनी महिन्याला ५०० दिले तर ३० हजार होतात, ४२ हजार एकदाच उडवण्यापेक्षा हे दर महिन्याचं ठरवा, नाहीतर मार्चमध्ये सुरू आणि जूनमध्ये बंद, असली कामं मी ढिगाने बघितलीत. बंद पडणार असेल तर सुरूच करू नका, आयांनी तुमच्या भरवशावर कामाचे तास वाढवलेले असतात.

खायला काय, तर मऊ खिचडी आणि वरून चमचाभर तेल किंवा तूप, हा चमचा विसरायचा नाही, लहान पोटात जास्त ताकद जायला दुसरा स्वस्त मार्ग नाही. शेंगदाण्याचं कूट आणि गुळाचे लाडू, अख्खे दाणे नाही, घशात अडकतात. केळं. अंडं, आयांना विचारून. अंड्यावरून तुमच्या ग्रुपवर नक्की भांडण होणार आहे, होऊ दे, खाणारं मूल आणि त्याची आई ठरवेल, तिसऱ्या मजल्यावरचे नाही.

आणि मग ती नऊ वर्षांची. तिला शाळेत घालायचं म्हणून लगेच दप्तर घेऊन जाऊ नकोस, बाळ कुठे ठेवायचं हे ठरेपर्यंत ती शाळेत टिकणार नाही, घातलीस तरी चौथ्या दिवशी कडेवर बाळ घेऊन परत वाळूत दिसेल आणि सगळे म्हणतील बघा, ह्यांना शिकायचंच नसतं. पाळणाघर सुरू झालं की त्याच आठवड्यात महापालिकेच्या शाळेत ने. शिक्षण हक्क कायद्याने वयाप्रमाणे वर्ग मिळतो, दाखला नाही, जन्माचा कागद नाही म्हणून नाकारता येत नाही, वर्षाच्या मधेही घेतात. मुख्याध्यापक कुरकुरले तर शांतपणे खुर्चीत बसून राहायचं, मी असंच करायचे.

एक पटकन करण्यासारखं, रेशन. बहुतेक घरं गावाकडे कार्ड ठेवून येतात आणि इथे दुकानातून विकतचा तांदूळ खातात, त्यांना माहीतच नसतं की आता कुठल्याही राज्याचं कार्ड इथल्या रेशन दुकानात चालतं, आधार जोडलेलं असलं की झालं. माणशी पाच किलो, फुकट. चार माणसांचं घर म्हणजे महिन्याला २० किलो. गावी सासू-सासरे त्याच कार्डावर असतील तर त्यांचा वाटा ते तिकडे उचलतात, ह्यांचा हे इथे. तुमचं ते आधारवालं टेबल मांडाल तेव्हा ह्याच्याकडेही बघा. आणि ज्या बाळाची जन्मनोंद राहिलीय, तिची करा. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, हेलपाटे वाढतात, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर पुढे शाळा, आधार, सगळ्याला तोच दाखला विचारणार आहेत. प्रत्येक आईच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो तिच्या फोनमध्ये काढून ठेवा, टॉवर उभा राहिला की कॅम्प हिंजवडीला जाईल नाहीतर थेट नागपूरला, मूल जाईल तिथे कागद गेला पाहिजे.

सासूबाईंचं म्हणशील तर त्या बरोबर विचारतात गं, किती जणांना पुरणार. म्हणूनच तू पुरायचं नाहीयेस. अंगणवाडी, रेशन, शाळा ह्या गोष्टी त्यांच्या नावावर आधीच आहेत, त्या त्यांच्यापर्यंत पोचवायच्या, आणि मधे जी चार-सहा तासांची फट राहते तेवढीच बुजवायची. सासूबाईंना दुपारी वेळ असेल तर त्यांनाच घेऊन जा पाळणाघरात तासभर, ओव्या नाहीतर बडबडगीतं म्हणायला. मुलांना मराठी येत नाही म्हणून अडत नाही, दीड वर्षाच्या मुलाला कुठलीच भाषा धड येत नाही, त्याला कुणीतरी तोंडाकडे बघून बोलायला हवं असतं एवढंच. बाकी सासूबाई रुळल्या की तू कामाला मोकळी, हा फायदा वेगळाच.

राहिला वाढदिवस. केक कापू नकोस तिथे. वाईट दिसेल म्हणून नाही, तर मेणबत्ती तुझ्या मुलाची, टाळ्या त्यांच्या आणि फोटो ग्रुपवर, हे त्या मुलांनाही कळतं, लहान आहेत म्हणून कळत नाही असं नसतं. मुलाला घेऊन मात्र जा. बाल्कनीतून तोही बघत असेलच, एकदा खाली उतरून खेळू दे की. बरोबर अंडी उकडून ने, आणि जे खात नाहीत त्यांना केळी. अंडी तिथेच सोलायची, मुलांकडूनच, गरम अंडं सोलायला मुलांना जाम आवडतं, बोटं भाजतात आणि फुंकरा मारतात. फोटो काढू नकोस. मोठं पातेलं नसेल तर माझ्याकडे ६० अंड्यांचं आहे, अंगणवाडीतून निवृत्त होताना बायकांनी साडी दिली आणि ते पातेलं मी मागून घेतलं, कळव, एक दिवस आधी येऊन घेऊन जा.

तुझी मावशी